हिंसक कट्टरता, आपली माणसं आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये, युवक मंडळांमध्ये, प्रार्थनास्थळांच्या सभागृहांत आणि पालकांच्या बैठकांत प्रशिक्षण देताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले. काही सगळ्यांसमोर, बरेचसे मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन, हळू आवाजात. क्रमाला फारसा अर्थ नाही. पहिला प्रश्न मात्र मुद्दाम पहिला ठेवला आहे.

माझ्या ओळखीतला एक मुलगा बदलला आहे. त्याचं बोलणं ऐकून भीती वाटते. आत्ता काय करू?

जिवाला धोका दिसत असेल, म्हणजे ठिकाण ठरलंय, वेळ ठरलीय, हत्यार जमवलंय किंवा निरोप घेतल्यासारखी भाषा सुरू झालीय, तर हे पुढे वाचत बसू नका. तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तिथे भीड धरायची नाही.

तसं नसेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. आधी त्याच्याशी बोला. वाद घालू नका. "तू वाया गेलास" एवढं एक वाक्य घरात पडलं की दार बंद होतं, आणि ज्यांना तो हवाच आहे ती माणसं पलीकडच्या दारात उभीच असतात. "हे तू कुठे ऐकलंस?", "असं कधीपासून वाटायला लागलं?", "तुला कुणी त्रास दिलाय का?" असे प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड असतं. त्याचा फोन चोरून तपासू नका. पकडले गेलात तर तो पुन्हा तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही. आणि हे ओझं एकट्यानं वाहू नका. त्याला ओळखणारं दुसरं एखादं मोठं, समंजस माणूस शोधा: शिक्षक, प्रशिक्षक, मावशी, काका, कुणीही.

टोकाची मतं असणं म्हणजेच हिंसक कट्टरता का?

नाही. माणूस कमालीचा धार्मिक असू शकतो, सरकारवर संतापलेला असू शकतो, जग मुळापासून बदललं पाहिजे असं म्हणू शकतो. यात चुकीचं काही नाही. एखाद्या विचारासाठी दुसऱ्यांना मारणं योग्य आहे, किंबहुना ते आपलं कर्तव्यच आहे, असं तो मानू लागला, त्यासाठी मदत करू लागला, की आपण हिंसक कट्टरतेबद्दल बोलतो. जगभर सगळ्यांना मान्य होईल अशी एकच व्याख्या नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी जानेवारी २०१६ मध्ये मांडलेल्या कृती आराखड्यातही ती दिलेली नाही. ते काम प्रत्येक देशावर सोडलं आहे. व्याख्या सैल ठेवली की नको असलेल्या कुणालाही तीत कोंबता येतं, म्हणून आपल्या कामापुरती तरी ती हिंसेशीच घट्ट बांधून ठेवावी.

दुसरी गोष्ट, ही कुठल्या एका धर्माची किंवा विचाराची मक्तेदारी नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम् शिनरिक्यो पंथात शास्त्रज्ञ होते, डॉक्टर होते. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जणांचा जीव घेणारा अतिउजव्या विचारांचा होता. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारणाराही तसाच. इस्लामिक स्टेटच्या जाळ्यात डझनावारी देशांतली मुलं-मुली ओढली गेली. प्रशिक्षणात एकाच समाजाची उदाहरणं दिली, तर त्या समाजाची माणसं पहिल्या तासालाच मनानं खोलीबाहेर गेलेली असतात.

'रिझिलिअन्स' म्हणजे काय? मराठीत कसं सांगायचं?

कागदोपत्री 'लवचीकता' लिहितात. मला तो शब्द अपुरा वाटतो. मी 'तग' म्हणते. बाहेरून धक्का आला, कुणी फूट पाडायला बघितलं, तरी वस्ती तग धरते का? ही ताकद तीन ठिकाणांहून येते. आपल्या माणसांशी नातं, आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांशी नातं आणि ज्यांच्या हातात अधिकार आहेत त्यांच्याशी नातं. पहिलं बहुतेक ठिकाणी असतं. दुसरं विरळ असतं. तिसरं बऱ्याचदा फक्त निवडणुकीपुरतं किंवा भांडणापुरतं.

बेल्जियममधल्या दोन गावांची तुलना या क्षेत्रात नेहमी केली जाते. ब्रसेल्स आणि अँटवर्प यांच्या दरम्यान मेखेलेन आणि विल्व्होर्दे ही गावं एकमेकांपासून जवळच आहेत. विल्व्होर्दे लहान, वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, तरी तिथून पंचवीसहून अधिक तरुण सीरियातल्या लढाईला गेले. मेखेलेन जवळपास दुप्पट मोठं, तिथेही स्थलांतरितांची संख्या भरपूर. तिथून कुणीच गेलं नाही, असं तिथले महापौर बार्ट सोमर्स सांगत. त्यांनी गुन्हेगारीविरुद्ध पोलीस वाढवले आणि त्याच वेळी नव्यानं आलेल्या प्रत्येकाला गावातला एक जोडीदार मिळवून देण्याचं, शाळा एकाच थरातल्या मुलांनी भरू नयेत म्हणून पालकांना समजावण्याचं काम चालवलं. मेखेलेनचं सगळं यश याच कामाचं, असं मी म्हणणार नाही. अशा गोष्टीत भरती करणारं टोळकं कुठे तळ ठोकतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पण तळ ठोकायला जागा मिळते की नाही, हे वस्तीच्या हातात असतं.

हे काम पोलिसांचं आहे. शिक्षक, पालक, खेळाचे प्रशिक्षक यांना यात का ओढायचं?

कारण बहुतेक वेळा आधी कळतं ते त्यांनाच. एकट्यानं दहशतवादी हल्ला करणाऱ्या किंवा त्याची तयारी करणाऱ्या ११९ जणांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के जणांनी आपला इरादा घरच्यांना किंवा मित्रांना बोलून दाखवला होता. 'एकटा लांडगा' म्हणतात त्यांची ही गोष्ट. म्हणजे ऐकणारं कुणीतरी होतं.

मग ती माणसं बोलली का नाहीत? ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये लोकांना नेमकं हेच विचारलं गेलं. उत्तरं ऐकून कुणाच्याही पोटात तुटेल. आपल्या मुलाचं आयुष्य आपल्याच हातानं उद्ध्वस्त होईल ही भीती. आपली समजूत चुकीची निघाली तर? नातेवाईक काय म्हणतील? पोलीस त्याला समजावतील की उचलून नेतील? शिवाय निनावी फोनपेक्षा समोरासमोर, ओळखीच्या माणसाला सांगणं लोकांना बरं वाटतं आणि पुढे काय झालं ते कळावं अशीही त्यांची इच्छा असते. फक्त हेल्पलाइनचा क्रमांक छापून भिंतीवर चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. 'काळजी' आणि 'तक्रार' यांच्यामधली एक पायरी आपल्याकडे गायब असते. प्रशिक्षण आणि भागीदारी यांचं काम ती पायरी बांधणं हे आहे.

प्रशिक्षणात नेमकं काय शिकवता? लक्षणांची यादी मिळेल का?

यादी मिळणार नाही. ती का देत नाही, हे सांगण्यातच पहिला तास जातो.

सुरुवातीला प्रत्येक टेबलावर एक कागद ठेवलेला असतो. त्यावर एका सोळा वर्षांच्या मुलाबद्दल सात ओळी. मित्र बदलले. खेळायला येणं बंद झालं. खोलीचं दार लावून बसतो. कपड्यांची तऱ्हा बदलली. घरच्यांना ढोंगी म्हणतो. आपल्या लोकांवर अन्याय होतोय, हे सारखं तोंडी असतं. रात्र रात्र जागतो. आम्ही विचारतो, काळजी किती वाटते, एक ते दहामध्ये सांगा. बहुतेक टेबलांवरून आठ, नऊ असे आकडे येतात. मग कागद उलटायला सांगतो. मागे एकच प्रश्न असतो: तुम्ही सोळा वर्षांचे असताना यातलं काय काय करत होता? एकदा एक मुख्याध्यापिका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सातपैकी सहा. आणि त्या वर्षी माझ्या वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं." त्या दिवशी यादी पुन्हा कुणी मागितली नाही.

त्यानंतर दुसरा कागद येतो. वडिलांची नोकरी गेली आहे. शाळेबाहेर त्याला चौघांनी मारलं आणि कुणी दखल घेतली नाही. खेळताना ऑनलाइन भेटलेला एक मोठा माणूस त्याला रोज रात्री मेसेज करतो, "तुझं दुःख मलाच कळतं" म्हणतो. आणि गेल्या आठवड्यापासून तो एका समाजाबद्दल बोलताना "ती माणसंच नाहीत" म्हणायला लागला आहे. आता चर्चा खरी सुरू होते. यातल्या कुठल्या ओळीवर आज काही करता येईल? मारहाणीची दखल घेणं शाळेच्या हातात आहे. वडिलांच्या नोकरीसाठी कुणीतरी ओळखीत शब्द टाकू शकतं. रात्रीच्या मेसेजबद्दल त्याच्याशी कोण बोलेल, कुणाचं तो ऐकेल? आणि "ती माणसंच नाहीत" हे वाक्य कानावर पडल्यावर वर्गात काय म्हणायचं, की तो अपमानित होणार नाही आणि वाक्य तसंच सोडूनही दिलं जाणार नाही? याचा आम्ही जोडीजोडीनं सराव करतो. एक जण मुलगा होतो, एक शिक्षक. तीनदा, चारदा. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळेच उपदेश करतात.

यादी न देण्यामागे साधं गणितही आहे. समजा, दहा लाख लोकांत खरोखर धोकादायक असे दहा जण आहेत आणि तुमची यादी ९९ टक्के वेळा बरोबर उत्तर देते. एवढी चांगली यादी जगात कुठेच नाही, तरी मानू. ती त्या दहांना कदाचित पकडेल, आणि सोबत सुमारे दहा हजार निरपराध माणसांवर बोट ठेवेल.

दोन तासांच्या कार्यशाळेनं काम भागेल का?

भागणार नाही. दोन तासांत विषयाची भीती थोडी कमी होते, इतकंच. एक पूर्ण दिवस, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अर्धा दिवस, आणि मध्ये फोनवर विचारायला एक माणूस, एवढं तरी हवं.

भागीदारी म्हणजे कुणाशी, आणि ती चालते कशी?

सह्या करून फोटो काढणं म्हणजे भागीदारी नव्हे, हे आधीच सांगते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराचं उदाहरण घेऊ. तिथे २००७ पासून महापालिका आणि पोलीस मिळून हे काम करतात. पण त्याचा पाया बराच जुना आहे. शाळा, समाजसेवा विभाग आणि पोलीस यांनी मुलांच्या गुन्हेगारीवर एकत्र बसून बोलण्याची पद्धत डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकापासून आहे. माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती. नवा प्रश्न आला तेव्हा त्यांना नवी समिती नेमावी लागली नाही.

२०१३ पर्यंत ऑर्हूसमधून सुमारे तीस तरुण सीरियाला गेले होते. काही परत आले. ज्यांच्याविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा होता त्यांच्यावर खटला भरायचा, हे ठरलेलंच होतं. बाकीच्यांना मात्र शहरानं विचारलं: शिक्षण पुरं करायचंय? घर हवंय? डॉक्टर, मानसोपचार? प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळाला, ज्याच्याशी भांडता येईल, वाद घालता येईल असा. ज्या मशिदीत यांतले बरेच जण जात, तिच्याशी बोलणी तोडली नाहीत. मशिदीतल्या काहींची मतं शहराला अजिबात मान्य नव्हती, तरीही. घरच्यांसाठी पालकांचे गट सुरू केले. २०१४ मध्ये तिथून सीरियाला गेलेल्यांची संख्या एकावर आली. टीकाही झाली, देशद्रोह्यांना कुरवाळताय, असं लोक म्हणाले. त्या टीकेमागचा राग मला समजतो. पण परत आलेल्या मुलाला शहरात कुणीच विचारलं नाही, तर त्याला विचारणारे एकच लोक उरतात.

नॉर्वेचे पोलीस आणखी एक साधी गोष्ट करतात. मुलगा वाहवत चाललाय असं वाटलं की त्याला आणि पालकांना बोलावून गप्पा मारतात. त्याला ते काळजीची भेट म्हणतात. गुन्हा घडायच्या आत, आईवडिलांसमोर, सरळ बोलणं. अशा गटांतून बाहेर पडायला मदत करणाऱ्या, १९९७ मध्ये नॉर्वेत सुरू झालेल्या 'एक्झिट' उपक्रमातही नवनाझी टोळ्यांत गेलेल्या मुलांच्या पालकांना एकत्र आणलं गेलं. मुलगा एकटा माझाच बिघडला, ही लाज गेली की पालक कामाला लागतात.

तुमच्याकडे सुरुवात करायची असेल, तर मोठी सभा नको. शाळेतलं एक माणूस, आरोग्य केंद्रातलं एक, पोलिसांतलं एक, युवकांत काम करणारं एक, आणि ज्यांच्यावर सगळ्यांचा संशय असतो त्या समाजातली किमान दोन माणसं. महिन्यातून एकदा भेटा. पहिले सहा महिने कट्टरतेचं नावही काढलं नाही तरी चालेल. रस्त्यावरचे दिवे, मैदानाची वेळ, शाळेतली गळती, यावर बोला. या माणसांची एकमेकांकडे उठबस सुरू झाली, की निम्मं काम झालं.

यातून आमच्यावर पाळत ठेवली जाणार, असं आमच्या वस्तीत म्हणतात. त्यांची भीती खरी आहे का?

अनेकदा खरी ठरली आहे, आणि जो प्रशिक्षक हे नाकारतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये २०१० मध्ये मुस्लिमबहुल वस्त्यांत दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. रहिवाशांना सांगण्यात आलं की हे चोऱ्यामाऱ्यांसाठी. पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला होता आणि काही कॅमेरे लपवलेले होते. हे उघड झाल्यावर इतका संताप उसळला की पोलिसांना माफी मागावी लागली आणि सगळे कॅमेरे काढले गेले. पण कॅमेरे काढता येतात, गेलेला विश्वास तसा परत बसवता येत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि मिनियापोलिस इथे हिंसक कट्टरता रोखण्याचे प्रायोगिक कार्यक्रम जाहीर झाले, तेव्हा मिनियापोलिसमधल्या सोमाली समाजात हीच शंका उठली: तरुणांसाठी मदत म्हणताय, मग त्यात तपास यंत्रणा कशाला?

ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानं माणसं कट्टरतेकडे ओढली जाऊ नयेत याची जबाबदारी शाळा, रुग्णालयं यांच्यावर टाकली. एप्रिल २०१५ ते मार्च २०१६ या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ७,६३१ जणांची नावं त्यासाठीच्या 'प्रिव्हेंट' या सरकारी कार्यक्रमाकडे पाठवली गेली. त्यांतल्या फक्त ३८१ जणांना पुढे विशेष मदत दिली गेली. नाव पाठवलं म्हणजे तो दोषी नव्हे, हे मान्य. पण उरलेल्या हजारो जणांत शाळकरी मुलंही होती, आणि आपलं नाव कुठेतरी गेलं होतं हे त्यांच्या घरांनी विसरावं कसं? कायद्याची भीती डोक्यावर असली की शिक्षक विचार करत नाही, नाव पाठवून हात झटकतो.

म्हणून कामाला हात घालायच्या आधी या गोष्टी लेखी ठरवा. पैसा कुठून येतो हे पहिल्या बैठकीत सांगायचं. कुठली माहिती कुणाला दिली जाईल आणि कुठली कधीच दिली जाणार नाही, हे कागदावर हवं. जिवाला धोका असेल तरच नाव पुढे जाईल, बाकी चर्चा नाव न घेता. कार्यशाळेची हजेरी तपास यंत्रणेला मिळणार नाही. आणि वस्तीतल्या लोकांना "हे आम्हाला नको" म्हणण्याचा अधिकार असेल. यातलं एकही कलम तुमच्या भागीदाराला जड वाटत असेल, तर तिथेच थांबा.

मग पोलिसांना दूरच ठेवलेलं बरं, नाही का?

नाही. ओळखीचा, गणवेशातला, स्वतःचं नाव सांगणारा पोलीस खोलीत असलेला बरा. लपून बसलेला नको.

मुलं हे सगळं इंटरनेटवर शिकतात. मोबाइल काढून घेतला तर?

घ्या काढून, आठवडाभरात दुसरा मिळेल, तुमच्या नजरेआड. ख्राइस्टचर्चच्या हल्लेखोरानं हत्याकांड फेसबुकवर थेट दाखवलं, आणि दोन महिन्यांनी, मे २०१९ मध्ये न्यूझीलंड आणि फ्रान्सच्या पुढाकारानं सरकारं आणि इंटरनेट कंपन्या असा मजकूर रोखण्यासाठी पॅरिसमध्ये एकत्र आल्या. ते गरजेचंच आहे. पण घरात आणि वर्गात आपण काय करू शकतो, तो माझा विषय.

१९६० च्या दशकात विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञानं एक कल्पना मांडली. शरीराला जशी लस देतात तशी मनालाही देता येते. फसव्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधीच द्यायचा, तो कसा फसवतो ते उलगडून दाखवायचं, म्हणजे पुढे खरा आला की मन सावध असतं. आम्ही मुलांनाच भरती करणारा व्हायला सांगतो: एका काल्पनिक गटासाठी, एका एकट्या पडलेल्या काल्पनिक मुलाला मेसेज लिहा. दहा मिनिटांत ती सगळ्या युक्त्या स्वतःच शोधून काढतात. आधी स्तुती, मग "तुझे घरचे तुला समजत नाहीत", मग एखादं गुपित, मग एक छोटं काम. फळ्यावर हे ओळीनं लिहिलं की एखादी मुलगी हमखास म्हणते, "असं माझ्याशी कुणीतरी बोलायचं." तो माणूस कट्टर असेलच असं नाही. लुबाडणाऱ्यांची, शोषण करणाऱ्यांची रीत तीच असते. त्यामुळे हा तास वाया जात नाही.

पूर्वी अशा गटात असलेल्या माणसाला भाषणाला बोलवावं का?

जपून. त्यांच्याइतकं खरं कुणी बोलू शकत नाही. एखादा तरुण गट सोडायच्या विचारात असेल, तेव्हा त्याला तेच समजावू शकतात. 'एक्झिट-डॉइचलांड' ही अशा गटांतून बाहेर पडायला मदत करणारी जर्मन संस्था २००० साली सुरू झाली, ती एक माजी पोलीस अधिकारी आणि एक माजी नवनाझी नेता यांच्या पुढाकारानं. २०११ मध्ये त्यांनी केलेली एक गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. जर्मनीतल्या गेरा गावी अतिउजव्यांचा संगीत मेळावा भरला होता. तिथे अडीचशे टी-शर्ट फुकट वाटले गेले. काळे, वर कवटी, नवनाझींना आवडेल अशी घोषणा. मुलांनी आनंदानं घरी नेले. पहिल्या धुण्यात ती छपाई निघून गेली आणि खालून दुसरा मजकूर वर आला: तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. सभेत हे सांगून कुणी ऐकलं नसतं. घरी, एकट्यानं, ओला शर्ट हातात धरून वाचणं वेगळं.

पण शाळेत दोनशे मुलांसमोर एखाद्याला उभं करून त्याच्या हिंसेच्या कहाण्या ऐकवणं, हे मी करत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन, कैद्यांकडून दरडावून घेऊन 'सुधारण्याचे' कार्यक्रम गाजले. नीट तपासणी झाली तेव्हा दिसलं, की त्या मुलांमध्ये गुन्हे घटण्याऐवजी वाढले होते. दरारा आणि थरार यांचं काही मुलांना आकर्षणच वाटतं. बोलवायचंच असेल, तर शिक्षकांसाठी बोलवा, लहान गटात, आणि गट सोडून किमान काही वर्षं झालेला माणूस बोलवा.

गरिबी आणि अन्याय तसेच असताना प्रशिक्षणानं काय होणार?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला नेहमी आवडतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं आफ्रिकेतल्या हिंसक गटांत गेलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये अहवाल काढला. शेवटी कशामुळे गेलात, असं विचारल्यावर ७१ टक्के जणांनी सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं: घरातलं किंवा मित्रांपैकी कुणीतरी मारलं जाणं, पकडलं जाणं. म्हणजे प्रशिक्षण फक्त वस्तीला देऊन भागत नाही. नाक्यावर झडती घेणाऱ्या शिपायालाही ते हवं. त्यानं झडती घेताना आईवरून शिवी दिली की नाही, यावर पुढची पाच वर्षं ठरू शकतात. आणि खरंच अन्याय होत असेल, तर त्याविरुद्ध शांततेनं लढण्याचे रस्ते मुलांना दाखवणं हाही याच कामाचा भाग आहे. राग विझवायचा नाही. त्याला हिंसेशिवाय जायला वाट द्यायची.

द्वेष पसरवणारा मोर्चा आमच्या रस्त्यावरून जाणार आहे. दारं लावून बसायचं का?

जर्मनीतल्या वुनझीडेल गावानं वेगळं केलं. हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस याची कबर तिथे होती. २०११ मध्ये ती हटवली, तरी नवनाझी दरवर्षी यायचेच. २०१४ च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांनी ठरवलं: मोर्चेकरी जितके मीटर चालतील, तितके दर मीटरला दहा युरो 'एक्झिट-डॉइचलांड'ला द्यायचे. रस्त्यावर अंतराच्या खुणा रंगवल्या, वाटेत केळी ठेवली, शेवटी आभाराचा फलक लावला. मोर्चा संपला तेव्हा नवनाझींनी स्वतःच्या पायांनी दहा हजार युरो जमवून दिले होते, आपल्याच साथीदारांना बाहेर काढण्यासाठी. सगळीकडे हे जमेल असं नाही. दगडफेकीची शक्यता असेल तर पोलिसांचं ऐका.

पैसे कुठून आणायचे?

फार लागत नाहीत. महिन्याची बैठक फुकट होते. मोठ्या कामासाठी जिनिव्हात २०१४ मध्ये स्थापन झालेला जीसर्फ नावाचा निधी काही देशांतल्या स्थानिक संस्थांना मदत करतो. महापालिकांसाठी २०१५ पासून स्ट्राँग सिटीज नेटवर्क हे शहरांचं जाळं आहे. निधी स्वीकारण्याआधी पाळतीच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा.

उपयोग झाला, हे मोजायचं कसं?

न घडलेला हल्ला मोजता येत नाही. 'इतक्या जणांना कट्टरतेपासून वाचवलं' असं कुणी सांगितलं तर कसं मोजलं ते विचारा. नाती मोजता येतात. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या संशोधकांनी 'ब्रेव्ह' नावाची चौदा विधानांची प्रश्नावली त्यासाठीच तयार केली आहे. आम्ही आणखी साधं विचारतो. काळजी वाटली तर कुणाला फोन कराल, नाव सांगा. पहिल्या दिवशी बहुतेकांचे कागद कोरे राहतात. वर्षानं किती कागदांवर नाव आहे, ते बघायचं.

आणि सगळं करूनही काही घडलंच तर?

पहिले दोन दिवस फार नाजूक असतात. हल्ला कुणी केला हे कळायच्या आतच दोष कुणाला द्यायचा ते ठरलेलं असतं, आणि त्या समाजातली मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत यायला घाबरतात. मे २०१३ मध्ये लंडनला एका सैनिकाची भर रस्त्यात हत्या झाली. चार दिवसांनी यॉर्क शहरातल्या मशिदीसमोर अतिउजव्या संघटनेची निदर्शनं होणार होती. मशिदीतल्या मंडळींनी चहा-बिस्किटांची तयारी ठेवली. शहरातले शंभरएक लोक पाठीशी येऊन उभे राहिले. निदर्शक आले जेमतेम सहा. त्यांना आत बोलावलं, चहा दिला, बोलणं झालं आणि मग फुटबॉलही खेळले. त्या मंडळींना इतक्या कमी वेळात शंभर माणसं गोळा करता आली, कारण त्या माणसांशी त्यांची ओळख आधीपासून होती.

म्हणून तुमच्या बैठकीत एक यादी करून ठेवा. वाईट बातमी आली की पहिल्या तासात कोण कुणाला फोन करेल. शाळेच्या फाटकावर सकाळी कोण उभं राहील. अफवा खरी की खोटी हे पोलिसांतल्या कुणाला विचारायचं. ज्या घरांना भीती वाटेल तिथे त्या संध्याकाळी कोण जाऊन बसेल. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा, एक माणूस बाहेरगावी असला तर दुसरा. यादी कागदावर ठेवा, कारण अशा दिवशी कधी कधी इंटरनेट बंद असतं. आणि दर सहा महिन्यांनी सगळे क्रमांक लावून बघा. त्यांतले दोन-तीन तरी बदललेले असतात.